आठ हजाराच्या पुढे

कानाच्या डॉक्टरकडचा तक्ता आठ हजार हर्ट्झला संपतो. डावीकडे २५०, उजव्या टोकाला ८०००, त्यापुढे कोरा समास. माझ्या तक्त्यावर चार हजारापाशी एक खळगा आहे, मग रेघ जरा सावरते आणि आठ हजाराकडे पुन्हा घसरते. खाली शेरा: वयाच्या मानाने ठीक. समोरच्याचं बोलणं कळतं, फोन कळतो, तेव्हा ठीकच म्हणायचं. पण माझ्या धंद्यातलं निम्मं भांडण त्या कोऱ्या समासात चालतं. तिथे मला काय ऐकू येतं हे डॉक्टरने विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

खळगा कुठून आला ते ठाऊक आहे. तरुणपणी श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या कावड यात्रेत भोंगे सांभाळायला जायचो. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी रात्रभर चालत राजराजेश्वराकडे येतात आणि मी गाडीवर, भोंग्याच्या तोंडाशी. चार हजाराला पडलेला खळगा ही मोठ्या आवाजाची सही असते. त्यापुढची घसरण मात्र वयाची. ती वरून सुरू होते आणि वर्षागणिक खाली उतरते. असे कान घेऊन मी लोकांच्या इअरफोनच्या नळीतल्या जाळ्या बदलून देतो.

दुकान अमरावतीत, राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत. पाटीवर अजून टेप-रेडिओ दुरुस्ती आहे. गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं: ऑर्केस्ट्रात गाणारे, ज्यांना स्टेजवर कानात मॉनिटर लागतो, कॉलेजची पोरं, जी दोन हजारांचा चिनी इअरफोन घेऊन त्यातून वीस हजारांचा आवाज मागतात, आणि हल्ली भजनवाले. अकोल्याच्या एका बुवांना त्यांच्या नातवाने इअरफोनचा जोड घेऊन दिला. ते सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून दुकानात आले आणि म्हणाले, "आवाज मोकळा करून द्या भाऊ, पण कानाले लागला नाही पायजे."

माझी सगळी अडचण बुवांनी एका वाक्यात मांडली.

बेसची भानगड नाही. पुढचं भोक झाकलं की वाढतो, मागच्या भोकावर टेपचा तुकडा कमीजास्त केला की सुटतो किंवा आवळतो. हे काम करणाऱ्याला सांगायला नको. अडतं ते वर, दोन जागी. उघडा कान तीन हजाराच्या आसपासचा आवाज आपणच उचलून धरतो. त्यात बोंडी घातली की ती उचल मरते, म्हणून बनवणारा ती इअरफोनमध्येच भरून देतो. गाणाऱ्याचा गळा, शब्दाची धार, सगळं त्या चढावर उभं असतं. हा चढ दाबला की आवाज बसका. आणि त्याच्या वर, आठ हजाराच्या आगेमागे, एक टोक असतं. 'स' आणि 'श' तिथे टोचतात, टाळ-झांजा तिथे कानात शिरतात. हे टोक कुठल्याही इअरफोनच्या डबीत नसतं. ड्रायव्हरपासून, म्हणजे आतल्या बारक्या स्पीकरपासून, कानाच्या पडद्यापर्यंत जो हवेचा स्तंभ उरतो, त्यात ते तयार होतं. कानातल्या उबदार हवेत आठ हजार हर्ट्झची लाट साधारण ४४ मिलिमीटर लांब. तिची अर्धी लांबी २२, आणि नळी धरून हा स्तंभही तेवढाच भरतो. बोंडी दोन मिलिमीटर आत ढकला, टोक पावणेनऊ हजारावर जातं. म्हणजे माणूस बदलला की टोक सरकतं. त्याच माणसाने संध्याकाळी जरा वेगळी बसवली तरी सरकतं.

जाळी मात्र एक. चढ आणि टोक, दोघांच्या मध्ये तीच उभी.

नोल्स कंपनीचे डॅम्पर, म्हणजे नळीत बसणाऱ्या तयार जाळ्या, रंगावरून ओळखतात: पांढरा ६८० ओहमचा, तपकिरी १०००, हिरवा १५००, लाल २२००. एटिमोटिकच्या १९९१ सालच्या ईआर-४ इअरफोनमध्ये हिरवा असायचा आणि तो काढून दुसरा घालता यायचा; आमचा हा सगळा खटाटोप तिथूनच आलेला. पण रंग चढवत नेला की आधी तीन हजाराचा चढ खाली बसतो, आणि टोक ढिम्म. बुवांचा गळा गेला, 'स' तसाच. मेडिकलमधली मायक्रोपोर टेप लावा, फोम भरा, आमच्या मुलखात कापसाला तोटा नाही तर तो पिंजून घाला (घातलाय, दोन चिमट्या कधीही सारख्या निघत नाहीत, डावा-उजवा कान जुळता जुळत नाही), गोष्ट तीच.

मग कधीतरी जाळी किती दाट घ्यावी हा विचार मी सोडला आणि ती कुठे बसवावी याच्या मागे लागलो. अजून तिथेच आहे. जाळी काम करते ते तिच्यातून हवा सळसळते म्हणून. जिथे हवा उभी, तिथे जाळी असून नसल्यासारखी. आठ हजाराच्या त्या लाटेत हवा स्तंभाच्या दोन्ही टोकांना जवळजवळ उभी असते, ड्रायव्हरशी आणि पडद्याशी. सगळ्यात जास्त हलते ती मधोमध, म्हणजे नळीच्या तोंडापाशी. तीन हजाराची लाट त्या स्तंभाला फार लांब पडते. तिची हवा पडद्याशी उभी आणि ड्रायव्हरकडे जावं तसतशी जास्त हलती. तेव्हा जाळी ड्रायव्हरजवळ दाबून बसवली की ती गळा खाते आणि टोक सोडून देते. तीच जाळी तोंडाशी आणली की टोक बसतं आणि गळा बराचसा वाचतो. कागदावर हिशेब इतका स्वच्छ. कानाचा पडदा ही भिंत नव्हे, नळीला वाक असतो, त्यामुळे हातात तो निम्माच येतो. पण निम्मा येतो.

आणि आवाजाला जी जागा सगळ्यात बरी, नेमकी तीच मळाला सोपी. तोंडावरच्या जाळीला कानातला मळ पहिल्यांदा लागतो. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. घाम, मळ आणि टेपचा चिकटा मिळून आठवड्यात छिद्रं बंद, एका बाजूचा आवाज गेला. म्हणून जाळी तोंडापासून जरा आत घ्यायची. किती आत? पाऊण मिलिमीटर? दीड? ह्या पाऊण-दीडमध्ये माझ्या किती संध्याकाळी गेल्या ते घरचे सांगतील. मे महिन्यात टेपची कामं मी घेतच नाही, धातूची जाळी चालवून घेतो. कूलर चालू असताना वरचं काही ऐकूही येत नाही; ऐकायची खरी वेळ वीज गेल्यावरची. लोडशेडिंगला दुवा देणारा गल्लीत मी एकटाच असेन.

फोनमधल्या इक्वलायझरने हेच होतं असं पोरं म्हणतात. नाही होत. इक्वलायझर आठ हजाराला खड्डा खणतो आणि टोक पावणेनऊला निघून गेलेलं असतं. आता एक खड्डा आणि एक टोक, दोन्ही सांभाळा. जाळी टोकाबरोबर जाते, ते सरकलं तरी. दुसरी जमात ग्राफवाल्यांची. ते कृत्रिम कानात इअरफोन खुपसून रेघ काढतात आणि रेघेवरून भांडतात. त्या कृत्रिम कानाचं मानक १९८१ चं, आयईसी ७११. पुढे त्याचंच ६०३१८-४ झालं. भरवसा दहा हजारापर्यंत, आणि आठ हजारावर दिसणारा उंचवटा पुष्कळदा त्या नळीचा स्वतःचा. ही मंडळी तो उंचवटा बसवतात आणि ग्राफ सपाट झाला म्हणून पेढे वाटतात. मी त्यांना हसतो. त्या यंत्राची स्वस्त नक्कल माझ्याही टेबलाच्या खणात आहे. गिऱ्हाईकासमोर ती कधी काढत नाही. भिंग डोळ्याला, चिमटा हातात, मान जरा तिरकी, डोळे मिटलेले: लोक हे बघायला थांबतात, आणि थांबलेले मला आवडतात. शटर ओढल्यावर मी मोजतो.

धंदा तसाही कमी होणार. ब्लूटूथच्या बोंड्या डिंकाने बंद करून येतात, काहींत आतला माइक कानातलं मोजतो आणि चिप रेघ सुधारते. चिमट्याला शिरायला जागा नाही. दुसऱ्या बाजूने कंपन्यांनी जाळीसकट नळीच फिरकीची केली. मूनड्रॉपच्या काटो इअरफोनबरोबर २०२१ पासून पितळी आणि पोलादी अशा दोन जोड्या डब्यातच मिळतात. पोरं घरी फिरवतात आणि मला येऊन सांगतात कुठली बरी. मी ऐकून घेतो.

माझं शिक्षण टेपरेकॉर्डरवर झालं. हेडचा तिरकसपणा बसवायचा स्क्रू असतो; तो कानाने बसवायचा, वरचा आवाज उघडेपर्यंत. मी तो तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर बसवायचो. त्यांचं मोझरीचं गुरुकुंज इथून जवळ, कॅसेट घरोघरी. चकत्या झणझणल्या की स्क्रू सोडायचा. पुढे जाळ्यांनाही तीच खंजिरी लावली. गिऱ्हाईकाला मी अभिमानाने सांगायचो की माझं माप परदेशी नाही.

मग भाची आली, बारावीनंतर, सुट्टीपुरती म्हणून. बुवांचा जोड मी पुरा केला होता. तिने कानात घातला.

"मामा, 'स' अजून टोचते."

"कुठी टोचते?"

"तुमाले नाही आयकू येत काय?"

मी म्हटलं, खंजिरी लावून बघ. तिने लावली, थोडं ऐकलं आणि म्हणाली, "हे रेकॉर्डिंगच बसकं हाय. याच्यात वर काहीच नाही." महाराज १९६८ साली गेले, त्या काळच्या ध्वनिमुद्रणात वर फार काही मावतच नव्हतं. मला त्यात जी झणझण ऐकू येत होती ती बऱ्यापैकी माझ्या आठवणीतली होती. हे मला माहीत नव्हतं असं म्हणवत नाही. दहा हजाराच्या वरची शिट्टी फोनवर लावून मी कधीच पाहून ठेवलं होतं. शांतता होती आणि फोनचा पडदा म्हणत होता की आवाज चालू आहे. दुकानात मात्र डोळे मिटून मान तिरकी करणं चालूच होतं.

भाचीने यावलीच्या एका भजन मंडळाची खंजिरी नवीन रेकॉर्ड करून आणली. मला ती जुनीहून कोरडी वाटते. तिला वरचं सगळं दिसतं, म्हणून ती वरचंच बघते, आणि टोक बसवण्याच्या भरात गळा दाबते. तीन हजाराशी तिचं काही देणंघेणं नसल्यासारखं. त्यावर मी बोलतो. मी जाळी आत घेतली की ती बोलते. ती प्रत्येक पुडीवर रंग आणि तोंडापासूनचं अंतर लिहून ठेवते. मी आयुष्यात लिहिलं नाही. विचारलं तर हाताला कळतं म्हणायचो. आता तिची वही चोरून वाचतो.

बुवांसाठी दोन जोड तयार झाले. माझ्यात हिरवा, जरा आत. तिच्यात लाल, अगदी तोंडाशी, वरून बारीक धातूची जाळी मळासाठी. बुवा बाकड्यावर बसून दोन्ही लावून गुणगुणले, चहा प्याले, पुन्हा गुणगुणले आणि दोन्ही घेतले: मंडळात गायला माझा, गाडीत ऐकायला तिचा. गिऱ्हाईकांना हा किस्सा सांगताना मी पहिला निम्माच सांगतो. भाची काउंटरवर असेल तर तेही जमत नाही.