चांदीचा दाणा

एकशेवीस नंबरचा रोल. आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यात त्यावर चौकोनी बारा फोटो निघत. कॅमेरा बडोद्यात तयार होई. कृष्णधवल ‘इंदू’ रोल येई उटकमंडहून, हिंदुस्तान फोटो फिल्म्स या १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यातून. कारखाना बंद पडला. बारा म्हणजे बाराच फोटो, म्हणून माणसे कॅमेऱ्यासमोर नीट उभी राहत.

लाल बल्ब. ब्रोमाइड कागदाला लाल उजेड दिसत नाही, म्हणून डार्करूममध्ये तो चाले. रोल धुताना मात्र पूर्ण अंधार लागे आणि सगळे काम बोटांच्या अंदाजाने होई.

अरुंद गेजची गाडी. बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ १९११ साली येडशीमार्गे लातूरपर्यंत पोचले. २००७-०८ मध्ये कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. त्याच दशकात खिशातल्या मोबाइलला कॅमेरा आला आणि रोल धुवायला टाकणे संपले. गाडी मोठी होऊन परत आली. रोल आला नाही.

या सगळ्याबरोबर जे गेले ते डोळ्यांना दिसायचे, पण त्याचे नाव कोणी घेत नसे. तो फोटोतला ग्रेन, दाणा. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. उजेड पडला की स्फटिकात चांदीचे मोजके अणू सुटे होतात आणि तेवढ्या खुणेवर डेव्हलपर अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. उजेड न लागलेले स्फटिक हायपो या रसायनात विरघळून जातात. एकेक दाणा इतका बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसणे शक्य नाही. आपल्याला दिसतात ते एकमेकांवर पडलेले त्यांचे पुंजके. मंद उजेडात चालणाऱ्या वेगवान फिल्मचे स्फटिक मोठे, म्हणून तिचा दाणा ठळक. निगेटिव्ह लहान आणि फोटो मोठा केला, तर तो आणखी ठळक. रंगीत फिल्ममधली चांदी धुताना निघून जाते, मागे राहतात रंगाचे बारीक ढग. आजोबांच्या गालावर जी खरखर दिसते, ती त्या दिवशीच्या उजेडाने केलेली आहे.

त्या काळात फोटोग्राफर या दाण्यावर नाखूष असत. बारीक दाण्याचा डेव्हलपर वापरणे ही कसबाची खूण होती.

टचिंगची पेन्सिल. सुईसारखे टोक काढलेली. फोटोत काळी दिसणारी सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक असते. तिथे पेन्सिलीने बारीक ठिपके आणि स्वल्पविराम भरले, की कागदावर सुरकुती उजळते. रेघ ओढली तर ती लगेच ओळखू येई. म्हणून चांगला कारागीर ठिपके असे भरायचा, की ते आजूबाजूच्या दाण्यात मिसळून जावेत. फोटोत दाणा हाताने पेरण्याचे काम कॉम्प्युटरच्या आधीपासून चालत आले आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता जोडफोटो. वडील गेले तेव्हाचा कृष्णधवल फोटो असतो, तोही लग्नाच्या ग्रुपमधून कापून मोठा केलेला. आई परवा गेली, तिचा फोटो मोबाइलवरचा. मुले दोघांना एका चौकटीत मागतात. शेजारी ठेवले, की वडील दाणेदार आणि आई काचेसारखी गुळगुळीत. रंग काढून टाकला तरी दोघे एका खोलीत बसल्यासारखे वाटत नाहीत. इथे आईच्या फोटोवर ग्रेन घालावाच लागतो. उलटा मार्ग सोपा आणि हल्ली जास्त वापरला जाणारा आहे: वडिलांचा फोटो ॲपमध्ये टाकायचा, एका बोटाने दाणा पुसायचा. ॲप नुसता दाणा पुसत नाही. खाली काय होते हे त्याला माहीत नसते, म्हणून ते अंदाजाने डोळे, पापण्या, ओठ नव्याने काढते. चौकटीत माणूस येतो, पण तो वडील नसतो. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर असे परके चेहरे आता चौकाचौकात दिसतात. मला हे सहन होत नाही.

ग्रेन घालण्याची सोय लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या प्रोग्राममध्ये २०१० साली आली. किती, केवढा आणि किती खडबडीत, अशा तीन पट्ट्या सरकवायच्या. फुजीफिल्मने २०१६ च्या एक्स-प्रो-टू कॅमेऱ्यातच ग्रेन दिला. पण पट्टी सरकवणाऱ्याने फिल्म पाहिलेली असावी. मोबाइलच्या फोटोतला खराबा गडद भागात साचतो आणि त्यात लाल-हिरवे ठिपके असतात. कृष्णधवल फिल्मचा दाणा बिनरंगी असतो आणि छापलेल्या फोटोत तो मधल्या करड्या छटांत, म्हणजे नेमका गालावर आणि कपाळावर, जास्त दिसतो. म्हणून ग्रेन बिनरंगी ठेवावा, फोटो हव्या त्या मापाचा करून झाल्यावर सर्वांत शेवटी घालावा आणि पडद्यावर मोठा करून न बघता छापायच्या मापात बघावा. व्हॉट्सॲपवर पाठवला, तर तो चेंगरून त्याचे चौकोन होतात. छपाईची फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी.

पावसाळ्यात येडशीजवळच्या रामलिंगला फोटो काढायला जोडपी येतात, तेव्हा मोबाइल आधीच त्वचा गुळगुळीत करून देतो. नंतर त्यावर ग्रेन घालतात, जुना फोटो वाटावा म्हणून. त्याने काही परत येत नाही. तीळ, वांग, देवीचा व्रण एकदा पुसला गेला, की कितीही दाणा पेरा, तो तिथे उगवत नाही. ब्युटी मोड बंद करून काढलेल्या फोटोला हलका ग्रेन शोभतो. बंद न करता काढलेल्याला शोभत नाही.

ट्राय-एक्स ही ३५ मिमीची फिल्म १९५४ पासून आजपर्यंत तयार होते, पण तो शहरातल्या हौशी लोकांचा खर्च आहे. आपल्या हातात आहे ते घरातल्या पेटीत. निगेटिव्ह टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटात ठेवा. ज्या निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्या वेगळ्या करा, नाहीतर बाकीच्याही खराब होतात. एका मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यासमोर निगेटिव्ह धरून दुसऱ्या मोबाइलने तिचा फोटो घ्या आणि रंग उलटे करा, चेहरा दिसेल. निगेटिव्ह आत घालण्याआधी पाकिटावर पेन्सिलीने नाव आणि साल लिहा, ओळखणारे माणूस घरात आहे तोवर.