नाममुद्रा

संतांनी एक गोष्ट मोठ्या दूरदृष्टीने करून ठेवली. अभंगाच्या शेवटच्या चरणात त्यांनी आपले नाव गुंफले. त्यामुळे भजनाला बसणाऱ्या निरक्षर माणसालाही पद नाम्याचे की तुकयाचे, हे कोणाला विचारावे लागत नाही. चित्रपटगीताला अशी नाममुद्रा नसते.

मागे लवादाच्या एका कामासाठी आम्ही भोपाळला गेलो होतो. सायंकाळी मोठ्या तलावाकाठी चहा घेत असता दुकानात 'पारसमणी'तले रफी-लताबाईंचे द्वंद्वगीत लागले. चाल लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची. त्यांतले लक्ष्मीकांत म्हणजे कुडाळकर. आवाज मंगेशीचे नाव आडनावात मिरवणाऱ्या बाईंचा. आपल्या माणसांच्या कौतुकात आम्ही रंगलो असता दुकानदाराने हळूच विचारले, "और बोल किसके हैं, वकील साहब?" आम्ही निरुत्तर झालो.

बोल त्याच गावच्या असद भोपाली यांचे होते. मूळ नाव असदुल्ला खान. जन्म १९२१ चा. १९४९ च्या 'दुनिया'पासून ते चित्रपटांसाठी लिहू लागले. १९६३ चा 'पारसमणी' हा लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा पहिला प्रदर्शित चित्रपट. त्यांची कीर्ती तेथून चढत गेली, गीतकार मात्र मागे राहिला. १९८९ साली 'मैंने प्यार किया' आला. त्याचे संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील. त्यातल्या गीताने असदसाहेबांना फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले आणि १९९० सालीच ते निवर्तले. गीतात नाव गुंफता येईना, म्हणूनच की काय, त्यांनी नावात गाव गुंफले होते!

विलायतेत प्रोकोल हॅरम या रॉक वाद्यवृंदाचा कवी कीथ रीड मंचावर काही वाजवीत नसे. तरी तो वृंदाचा सभासद गणला जाई. आमच्याकडे कायद्यानेही गीतकाराला फारसा थारा दिला नव्हता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन लिहून घेतलेल्या गीताचा मालक निर्माता. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा स्वामित्वधनातील वाटा करारानेही काढून घेता येणार नाही, असे झाले. त्यासाठी राज्यसभेत झगडणारे जावेद अख्तर भोपाळच्याच सैफिया महाविद्यालयात शिकले, हा योग मनोज्ञ खरा.

पण हे सांगताना आमची मान ताठ राहत नाही. त्या दुरुस्तीपूर्वी, वकिलीच्या आरंभी, ध्वनिफिती काढणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठी आम्ही एक मसुदा लिहिला होता. एका वृद्ध भजनकाराने एकरकमी अल्प पैशांत आपल्या पदांचे सारे हक्क कायमचे सोडून दिले. सही करताना त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, नाव तरी राहील ना?" आम्ही हसून "राहील की" म्हटले, मसुद्यात मात्र तसे एक अक्षरही नव्हते. वेष्टनावर नाव आले नाही.

त्यांतले एक पद आजही आमच्या देवळात पालखीच्या वेळी म्हटले जाते. भोपाळहून परतल्यावर आम्ही मंडळाच्या भजनपुस्तिकेत त्या पदाखाली कर्त्याचे नाव घालविले. भजनकार हयात नव्हते. वकिलाची ही फी बरीच उशिरा फिटली, आणि तीही अर्धीच.