पायाखालची वाळू

मावळातील सुदुंबरे हे संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचे गाव. तुकोबांचे अभंग जपणाऱ्या या शिष्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. संताजींच्या देहावर लोकांनी कितीही माती लोटली, तरी मुख उघडेच राहिले. अखेर दिलेल्या शब्दाला जागून तुकोबा वैकुंठातून आले, त्यांनी तीन मुठी माती दिली आणि मगच देह झाकला गेला.

याच सुदुंबऱ्यात आज राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजेच एनडीआरएफची, पाचवी बटालियन आहे. मातीखाली गेलेल्या माणसांपर्यंत पोहोचणे हे तिचे एक काम. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा आला, तेव्हा या दलाचे जवान कित्येक दिवस चिखल उपसत होते. सुमारे दीडशे माणसे गेली.

माळीणचे निमित्त भूकंप नव्हे, पाऊस होता. परंतु मातीत शिरलेले पाणी तिचे बळ कसे हिरावून घेते, हे तेथे दिसले. भूकंपात हीच गोष्ट सपाट जमिनीवर, काही क्षणांत घडू शकते. तिला मातीचे द्रवीभवन म्हणतात.

नदीकाठी किंवा खाडीकाठी सैल, बारीक वाळूचा पाण्याने भरलेला थर असतो. त्यात कणावर कण टेकलेला असतो आणि वरचे घर त्या टेकण्यावरच उभे असते. जमीन हादरू लागली की कण एकमेकांजवळ सरकू पाहतात. पण मधल्या पाण्याला तेवढ्या वेळात बाहेर पडता येत नाही. त्याचा दाब वाढतो, भार कणांवरून पाण्यावर जातो आणि कण सुटे होतात. मग जड इमारत खचते, कलते. जमिनीत पुरलेली रिकामी टाकी वर येते. भेगांतून वाळूमिश्रित पाण्याची कारंजी उडतात. एकूण भारातून पाण्याचा दाब वजा केल्यावर जे उरते, तेच मातीचे खरे बळ, हे तत्त्व कार्ल तेर्झागी यांनी १९२५ च्या सुमारास मांडले होते.

१५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात मोतीहारी, सीतामढी, मधुबनी या पट्ट्यात घरे जमिनीत रुतली, शेते वाळूखाली गेली, विहिरी बुजल्या. तरीही जगभरच्या अभियंत्यांचे लक्ष या प्रश्नाकडे खऱ्या अर्थाने वळले ते १९६४ साली. १६ जून रोजी जपानमधील निगाता शहरात निवासी इमारती जवळजवळ अखंड राहिल्या, पण आडव्या झाल्या. भिंती शाबूत होत्या. दगा दिला तो जमिनीने.

आपल्याकडे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये हेच घडले. रणात पाणी उसळले, कांडला बंदरातील कार्यालयाचा मनोरा कलला. चांग, शिवलखा, तापर अशा मातीच्या धरणांचे बांध पायथ्याच्या सैल गाळामुळे खचले. अवर्षणामुळे जलाशय जवळपास रिकामे होते, म्हणूनच खालच्या गावांवर पूर आला नाही.

महाराष्ट्राच्या आठवणीतले भूकंप वेगळे आहेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेत आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः कोसळलेल्या घरांखाली. दख्खनच्या काळ्या पाषाणावर द्रवीभवन होत नाही. काळी चिकणमातीही वाळूसारखी सुटी होत नाही. पण म्हणून सारा महाराष्ट्र पाषाणावर उभा आहे, असे नव्हे. मुंबईची सात बेटे भर घालून जोडली गेली. कोकणच्या खाड्या आणि नद्यांचे वाळूचे काठही या राज्यातच आहेत.

अशा जागी अभियंता बोअर घेतो. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा टाकून नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात, ते मोजतो. ठोके कमी, तर वाळू सैल. त्याच्या जोडीला कणांचा आकार, भूजलाची पातळी आणि अपेक्षित हादऱ्याची तीव्रता. भूकंप जेवढा ताण देईल आणि थर जेवढा सोसेल, त्यांची तुलना करण्याची सोपी रीत सीड आणि इद्रिस यांनी १९७१ साली दिली. आजच्या पद्धती तिच्यावरच उभ्या आहेत.

उपायही आहेत. वाळू कंप देऊन घट्ट करतात. खडीचे खांब घालून पाण्याला वाट देतात. सिमेंट मिसळून कण बांधतात. नाहीतर पायाचे खांब सैल थर ओलांडून कठीण थरापर्यंत नेतात. खर्च परवडत नसेल, तर जागा बदलणे हाही उपायच.

इमारत उभी राहिली की हे थर कुणाला दिसत नाहीत आणि त्यांच्याविषयी कुणी विचारतही नाही. सुदुंबऱ्याहून जवान निघतात, तेव्हा विचारण्याची वेळ टळून गेलेली असते. ती वेळ पाया खणण्यापूर्वीची असते.