दोन बंदरे आणि एक पान

गेले तीन महिने आमच्या घरात दोन परक्या गावांचे भांडण चालले होते. दोन्ही गावे समुद्रकाठची, दोन्ही युरोपातली आणि दोन्ही जेवणाखाणासाठी नावाजलेली. एक स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचे सान सेबास्तियान. दुसरे दक्षिण इटलीतले नेपल्स. घराचे कर्ज यंदा फिटले, लग्नाला तीस वर्षे झाली, तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत दहा दिवस कोठेतरी दूर जावे असे ठरले. दोन्ही गावांना का जात नाही, अशी शंका ज्यांना येईल त्यांनी महाविद्यालयातील अध्यापकाचे बँकेचे पुस्तक एकदा चाळून पाहावे. शिवाय व्हिसा ही वस्तू अशी आहे, की ज्या देशात अधिक दिवस राहावयाचे त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. पाय उंबऱ्याबाहेर पडण्यापूर्वीच मनाने एक गाव पक्के केले पाहिजे.

युरोपात लोक चित्रे पाहावयास जातात, पुतळे पाहावयास जातात. आम्ही जेवावयास निघालो, हे लिहिताना थोडा संकोच होतो. शेलीने १८१८ साली नेपल्सजवळ बसून लिहिलेली उदास कविता आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवली. तीतील लाटा, ऊन आणि निराशा यांवर शेकडो विद्यार्थ्यांना टिपणे दिली. परंतु त्या गावात तो बिचारा काय जेवत होता, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही. पडावयास हवा होता. कारण शेली शाकाहाराचा मोठा कैवारी, आणि त्या विषयावर १८१३ साली त्याने एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली होती. ही गोष्ट आम्ही घरी कधी सांगितली नाही. का सांगितली नाही, ते पुढे कळेल.

आमचे मत पहिल्यापासून सान सेबास्तियानच्या बाजूने होते. तेथील लोक त्या गावास आपल्या बास्क भाषेत दोनोस्तिया म्हणतात. शिंपल्यासारख्या गोल उपसागराच्या काठी ते वसले आहे, आणि त्याच्या जुन्या भागातील अरुंद गल्ल्यांत जागोजाग पानगृहे आहेत. तेथे बसून जेवण्याचा खटाटोप नाही. पाटावर मांडलेला एक तुकडा उचलावा, उभ्याने खावा आणि पुढच्या दुकानी जावे. या तुकड्यांना ‘पिंचो’ म्हणतात, कारण पुष्कळांना लहानशी काडी टोचलेली असते. त्यांपैकी एकाचे नाव ‘गिल्डा’. हिरवे ऑलिव्ह, लोणच्यातली लांब मिरची आणि खारवलेला अँचोवी मासा, एवढेच एका काडीवर ओवलेले. आणि नाव १९४६ सालच्या चित्रपटातील नायिकेचे, कारण तीही अशीच तिखट! ३१ ऑगस्ट १८१३ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज फौजांनी हे गाव फ्रेंचांकडून घेतले, लुटले, आणि ते जळून गेले. जो एक रस्ता वाचला त्याला आज त्या तारखेचेच नाव आहे, आणि त्याच रस्त्यावर लोक रात्री खात हिंडतात.

परंतु आमचे मन खरे गुंतले ते मासळीत. बास्क कोळी शतकानुशतके कॉड माशामागे अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडपर्यंत गेले. तो मासा मिठात वाळवून घरी आणला. त्याचे ‘पिल-पिल’ नावाचे जे कालवण करतात त्यात पीठ नाही, मलई नाही. लसणीच्या तेलात मंद आचेवर मासा ठेवावयाचा आणि भांडे गोल गोल हलवीत राहावयाचे. कातड्यातील चिकट अंश सुटून तेलात मिसळतो आणि पाहता पाहता रस दाट, पांढरट होतो. हेक माशाच्या गळ्याखालचा मऊ भागही असाच शिजवतात. त्याला ‘कोकोचा’ म्हणतात. हे वाचताना आमच्या तोंडास किती वेळा पाणी सुटले ते सांगणे आमच्या वयास शोभणार नाही.

येथे एक कबुली देणे भाग आहे. आमचे घर शाकाहारी. वडिलांचे होते, सौभाग्यवतीच्या माहेरचे तर लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य करणारे. मुंबईस शिकत असताना गिरगावातील एका खाणावळीत एका मालवणी मित्राने आमच्या पानात तळलेला बांगडा वाढला, आणि त्या दिवसापासून आमचे दोन आयुष्यक्रम सुरू झाले. एक घरचा, एक बाहेरचा. लग्न ठरताना आम्ही ही गोष्ट लपविली नाही. “घरात नको, एवढेच,” असे तिने त्या वेळी सांगितले होते. ती अट आम्ही अक्षरशः पाळली. मात्र रत्नागिरी-मालवणकडील परीक्षकाचे काम आम्ही कधी नाकारले नाही, हेही खरे. परतताना हातांस लिंबू चोळावे, बडीशेप खावी, आणि घरी येऊन वरणभात मुकाट्याने जेवावा. तिने कधी विचारले नाही. आम्ही कधी सांगितले नाही. तीस वर्षांत तिने आम्हांला मासे खाताना एकदाही पाहिलेले नाही.

असो. आम्ही सान सेबास्तियानच्या आठ दिवसांचा कार्यक्रम फुलस्केप कागदावर व्यवस्थित लिहून काढला. सकाळी आम्ही ब्रेचा मंडईत मासळी पाहू. दुपारी आम्ही जुन्या गावात पाच ठिकाणी उभ्याने खाऊ. संध्याकाळी आम्ही उर्गुल टेकडी चढून पुन्हा भूक मिळवू. असे ते चालले होते. तो कागद आम्ही तिच्यापुढे ठेवला. तिने तो भाजी निवडता निवडता वाचला, मेथीची ओली बोटे पदराला पुसली आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारले, “अहो, यातले ‘आम्ही’ म्हणजे किती जण?”

आम्ही म्हणालो, की ही आमची लिहिण्याची सवय. मासिकातले लेख असोत, विभागाचे टिपण असो, आमच्या लेखणीला ‘मी’ हा शब्द येतच नाही. “ते ठाऊक आहे,” ती म्हणाली. “पण मंडईत जाणारे दोघे, की एक?”

तिने रागाने विचारले नव्हते. राग असता तर उत्तर देणे सोपे गेले असते. उलट दुसऱ्या दिवशी तिनेच सांगून टाकले, की तुमच्या मनात आहे तर तेच गाव ठरवा. तिनेही मुलीकडून माहिती मिळविली होती. तेथे गेर्निकाच्या लहान हिरव्या मिरच्या तेलात परतून मीठ घालून देतात, अळंबी मिळते, पाव तर मिळतोच. “आठ दिवस मी पाव-मिरच्यांवर काढीन. एकादशा काय थोड्या केल्या आहेत?” शिवाय त्या गावात पुरुषांची मंडळे असून ती ‘चोको’ या नावाने ओळखली जातात, तेथे पुरुष स्वतः स्वयंपाक करून एकमेकांस वाढतात आणि पुष्कळ मंडळांत बायकांना पूर्वी चुलीपाशी येऊ देत नसत, हेही आम्ही तिला मोठ्या कौतुकाने सांगितले. त्यावर ती इतकेच म्हणाली, “मग तर अवश्य जा. काही शिकून तरी याल.” आम्हांस चहाही धड करता येत नाही, हे वाचकांस येथे कळवून ठेवतो.

तिची ही उदार संमती आम्ही दोन दिवस मनात स्वीकारून टाकली होती, हे लिहिल्याखेरीज हा लेख खरा होणार नाही. दोन दिवस आम्ही स्पेनच्या व्हिसाचे कागद जमवीत होतो. तिसऱ्या रात्री झोप येईना. ज्या बाईने तीस वर्षे आमच्या आवडीनिवडी सांभाळून रोज दोन वेळा पान वाढले, तिला आपण समुद्रापलीकडे नेऊन पाव आणि मिरच्या देणार, आणि तिच्या शेजारी उभे राहून कोकोचा खाणार! उपासाचे पुण्य तिला आणि पारणे आम्हांला. बरे, मासळी तिच्यासमोर खावयाची कशी? तेथेही लिंबाने हात चोळावयाचे काय? उठून दिवा लावला आणि नेपल्सची पुस्तके काढली.

नेपल्सविषयी आमच्या मनात थोडा तुच्छभाव होता, तो त्या रात्री गेला. पिझ्झा म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांचे वाढदिवसाचे खाणे, अशी आमची समजूत. राणी मार्गेरितेसाठी १८८९ साली तिच्या नावाचा पिझ्झा प्रथम झाला ही कथा सर्वत्र सांगतात. संशोधक तिच्यावर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. पण त्याहून जुना ‘मारिनारा’ नावाचा पिझ्झा आहे. नाव खलाशांवरून पडलेले, आणि त्यात मासा नाही! टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, बस्स. कणीक पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांचीच. ही भाकरी थापून भट्टीत घालण्याची कला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या वारशात नोंदवली, हे वाचून आम्हांस आमच्या घरच्या भाकरीची आठवण झाली. तिची नोंद कोणी घ्यावयाची?

आणखी एक गोष्ट सापडली. आज नेपल्सचे लोक शेवयांसारखे पदार्थ खाणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु सतराव्या शतकापर्यंत बाकीचे इटालियन त्यांस ‘पाला खाणारे’ म्हणून हिणवीत. भाजीपाला आणि कोबी हेच गरिबांचे अन्न. पुढे वस्ती दाटली, मांस महागले, कणीक मळण्याची आणि दाबून काढण्याची यंत्रे आली, तेव्हा पास्ता स्वस्त झाला आणि टोपणनाव बदलले. टोमॅटोच्या चटणीची पहिली छापील कृती याच गावात, १६९२ साली निघू लागलेल्या आंतोनियो लातिनीच्या ग्रंथात आली. आणि त्याने तिला नाव दिले ‘स्पॅनिश पद्धतीची’! नेपल्सवर तेव्हा स्पेनचेच राज्य होते. तो पाला मात्र अजून सुटलेला नाही. ‘फ्रियारिएल्ली’ नावाची कडसर पालेभाजी तेथे लसूण आणि तिखट घालून परततात. वांग्याचे काप तळून टोमॅटोच्या रसात थरावर थर रचतात. बटाटा घातलेला पास्ता करतात, वाल-घेवड्याच्या जातीच्या दाण्यांचा करतात. ही यादी आम्ही करीत गेलो, आणि प्रत्येक पदार्थापाशी ‘हे तिला आवडेल’ असे वाटू लागले. अशी यादी आम्ही तीस वर्षांत प्रथमच करीत होतो.

सकाळी ती यादी तिच्यापुढे ठेवली. आम्हांस वाटले, डोळ्यांत पाणी वगैरे येईल. तिने विचारले, “चीज कशाने विरजतात?”

परीक्षकाने नेमका न वाचलेला प्रश्न काढावा तसे झाले. शोधून पाहिले तर तिची शंका अगदी रास्त निघाली. परमेजान चीज नियमानेच वासराच्या जठरातील द्रव्याने विरजावे लागते, आणि त्या प्रांतातील म्हशीच्या दुधाचे नावाजलेले मोझ्झारेल्लाही तसेच. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये हे द्रव्य सूक्ष्मजंतूंपासून मिळविलेले असते, म्हणून प्रश्न उद्भवत नाही. नेपल्सची पदरांची प्रसिद्ध गोड करंजी, स्फोल्यातेल्ला, तीतही परंपरेने डुकराची चरबी. आमची अर्धी यादी खाली बसली. शेलीची पुस्तिका तिला त्या दिवशी सांगितली. ती म्हणाली, हे मला पूर्वीच सांगितले असते तर तुमचे इंग्रजी मी थोडे अधिक ऐकले असते.

तरीही यादीचा उरलेला अर्धा भाग सान सेबास्तियानच्या पाव-मिरच्यांहून पुष्कळ मोठा होता. गाव ठरले. आम्ही फार उदार झालो असे मात्र वाचकांनी समजू नये. तो पिल-पिलचा फोटो अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे, आणि परवा तो काढून पाहताना तिने आम्हांस पकडले. आम्ही ओशाळलो. ती शेजारच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “अहो, नेपल्सलाही समुद्र आहे ना?”

आहे. मंडईत अष्टपाद आहेत, आणि शिंपल्यांबरोबरचा स्पॅगेटी तर त्या गावाचा मानबिंदू.

“मग तिथे खा. माझ्यासमोर बसून खा. तीस वर्षे मी विचार करते आहे, की काटे काढताना तुमचा चेहरा कसा होत असेल.”

यावर काय बोलावे ते आम्हांस सुचले नाही. शिंपल्यांत काटे नसतात, एवढी माहिती मात्र आम्ही दिली.

इटलीच्या व्हिसाचा अर्ज गेल्या सोमवारी भरला. तिने हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर इटालियन शब्द लिहून घेतले आहेत आणि पोळ्या लाटताना ते घोकते: ‘सेन्झा कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, ‘सेन्झा पेशे’ म्हणजे मासळीशिवाय. काल तिने विचारले, मासळीसकट हवे असेल तर काय म्हणावे? आम्ही सांगितले, ‘कॉन पेशे’. तिने ते लिहून घेतले आणि पुढे कंसात ‘ह्यांच्यासाठी’ असे घातले.