नीलमुद्रेवर चढलेली शाई

छायाचित्रणाच्या ज्या जुन्या पद्धती आज केवळ हौसेपोटी जिवंत आहेत, त्यांत तैलमुद्रणाइतकी, म्हणजे कागदावरच्या जिलेटिनच्या थरावर ब्रशाने तेलकट शाई चढविण्याइतकी, हाताच्या स्वाधीन असलेली दुसरी पद्धत माझ्या पाहण्यात नाही. इंग्लंडात रॉलिन्स यांनी १९०४ साली ती प्रचारात आणली आणि फ्रान्समध्ये रोबेर दमाशी यांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु त्या काळी जिलेटिन प्रकाशसंवेदी करण्यासाठी डायक्रोमेट वापरीत, आणि त्या नारिंगी क्षाराचा कर्करोगजनक स्वभाव ठाऊक असता त्याला घरात थारा देणे मला मंजूर नव्हते. म्हणून सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेल्या सायनोटाइपचा वा नीलमुद्रेचा, म्हणजे ज्या प्रक्रियेने पुढे इमारतींचे नकाशे निळ्या कागदांवर उतरू लागले तिचाच, मी आश्रय घेतला.

जाड सुती कागदावर जिलेटिनचा, म्हणजे शुद्ध सरसाचा, भरपूर थर देऊन तो पुरता वाळला की अमोनियम फेरिक सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांची द्रावणे समभाग मिसळून मंद पिवळ्या दिव्याखाली फासावयाची, अंधारात वाळवावयाची, आणि नियोजित चित्राच्याच आकाराची निगेटिव्ह वर ठेवून, काचेखाली दाबून, सारा सरंजाम गच्चीवरील उन्हात मांडावयाचा, एवढी पूर्वतयारी. मी निवडलेले दृश्य वाईच्या कृष्णाकाठच्या घाटाचे होते, कारण ओल्या काळ्या दगडाला जी जड, मखमली काळोखी लागते ती देण्याची ऐपत तैलशाईतच आहे. कागदाचा हिरवट पिवळा रंग निळा होत होत छायांमध्ये राखी वर्णावर आला की तो उचलावा. पाण्यात पिवळेपणा निघून गेला की निळा घाट स्पष्ट उभा राहतो. पुष्कळ जण येथेच थांबतात आणि त्यात गैर काही नाही; पण तैलमुद्रकाच्या लेखी हा कच्चा खर्डा.

प्रकाश पोचला तेथील सरस कठीण होतो व पाणी फारसे पीत नाही. पोचला नाही तेथे तो पाणी पिऊन फुगतो, आणि अळवाच्या पानावर पाणी ठरू नये तशी त्यावर तेलकट शाई ठरत नाही. जुने मराठी मुद्रक गणपत कृष्णाजी यांच्या शिळाछापाचे तत्त्वही तेल व पाणी यांच्या याच वैरावर उभे होते. भिजलेल्या कागदावरचे पाणी मऊ कापडाने टिपून, तिरकस कापलेल्या दाट ब्रशाने घट्ट काळी शाई मी थोपटीत गेलो, तेव्हा प्रथम सर्वत्र एक मळकट पटल पसरले आणि घाट त्याखाली बुडाला. मग ब्रश हलका, उसळता ठेवताच उजेडाच्या जागा शाई सोडू लागल्या आणि पायऱ्यांच्या कडा एकेक करून सुट्या झाल्या. सावकाश दाबला तर शाई चढते, झटक्याने उचलला तर उतरते; सारे कसब या दोन गतींत आहे. छायांना घट्ट शाई, मध्यम छटांना जवसाच्या तेलाने किंचित सैल केलेली, हा क्रम पाळावा लागतो, आणि कागद सुकू लागताच तो पुन्हा पाण्यात सोडावा लागतो. नदीच्या पाण्यावरची शाई मी जवळजवळ सारी उचलून घेतली. तेथे खालचा निळा तळ राहिला, आणि काळ्या दगडांच्या पायथ्याशी कृष्णा निळीच वाहते.

अशा हस्तक्षेपाला छायाचित्राशी प्रतारणा समजणारे जाणकार आहेत. मला ते मान्य नाही. प्रकाशाने जेथे सरस कठीण केला नाही तेथे कितीही थोपटले तरी शाई टिकत नाही. ब्रशाला मिळालेली मुभा प्रकाशाने आखून दिलेल्या हद्दीतलीच असते.

ज्या वाचकास हा उद्योग करून पाहावयाचा असेल त्याने फेरीसायनाइड आम्लापासून व आचेपासून दूर, कुलुपात ठेवावे, स्वयंपाकाची भांडी या कामी मुळीच घेऊ नयेत, आणि ऊन लख्ख व हवा कोरडी अशा माघ-फाल्गुनात आरंभ करावा. शाई पुरती वाळण्यास काही आठवडे लागतात. तोवर चित्र धुळीपासून जपावे.