तारखांची वाट पाहणे

नव्या वर्षाचे मोठे चित्रपट आधी तारखांच्या रूपात येतात. ईद, स्वातंत्र्यदिन, दिवाळी, नाताळ हे आठवडे निर्माते वर्षभर किंवा त्याहूनही आधी अडवून ठेवतात, आणि प्रेक्षकाची वाट पाहणे त्या घोषणेपासूनच सुरू होते. मात्र जाहीर झालेली तारीख पाळली जाईलच असे नाही. ‘छावा’ 6 डिसेंबर 2024 रोजी येणार होता. ‘पुष्पा 2’ने 5 डिसेंबर धरल्यावर तो 14 फेब्रुवारी 2025 वर गेला. ही माघार फायद्याचीच ठरली म्हणायची, कारण 19 फेब्रुवारीची शिवजयंती पहिल्याच आठवड्यात आली.

मराठी निर्मात्याचे गणित निराळे असते. मोठ्या हिंदी चित्रपटासमोर सोयीच्या वेळेचे खेळ मिळत नाहीत, म्हणून मोकळा शुक्रवार शोधावा लागतो. ‘नटसम्राट’ 1 जानेवारी 2016 रोजी आला, ‘सैराट’ त्याच वर्षी 29 एप्रिलला, ऐन उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर. ‘सैराट’ची गाणी तर त्याआधीच वरातींत वाजू लागली होती.

वाट पाहायला लावण्यात ‘बाहुबली’ची बरोबरी क्वचितच कोणी केली असेल. कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न जुलै 2015 पासून एप्रिल 2017 पर्यंत लोकांनी हौसेने चघळला. आता टीझर, ट्रेलर आणि गाण्यांतून इतके आधीच दाखवले जाते, की कुतूहलाला जागाच उरत नाही. उलट, फारशी वाट न पाहिलेला ‘बाईपण भारी देवा’ 2023 च्या जूनअखेरीस आला आणि बायकांच्या गटांनी तो उचलून धरला. एवढ्या यशाचा अंदाज वर्षारंभी फारसा कोणी बांधला नव्हता.