डोलणारी मान आणि चार शास्त्रे

‘न्यूटेशन’ हा शब्द लॅटिनमधील ‘नूतारे’ या क्रियापदावरून आला. त्याचा मूळ अर्थ मान डोलावणे. खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि शरीररचनाशास्त्र अशा चार शास्त्रांनी हा एकच शब्द आपापल्या कामासाठी उचलला आहे. मराठीच्या अध्यापकाने अशा शब्दाच्या वाटेला का जावे, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की, रूपक कवितेत किती आणि परिभाषेत किती, याचा हिशेब आपण फारसा कधी मांडलेला नाही.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून विज्ञान शाखेला आलेली बरीच मुले माझ्या मराठीच्या तासाला असतात. त्यांतल्या एका मुलीने, ती खगोलशास्त्राच्या एका स्पर्धापरीक्षेची तयारी करीत होती, न्यूटेशनची इंग्रजी व्याख्या मला घडाघडा म्हणून दाखवली. ‘‘पण सर, यात नक्की होतं काय?’’ हा तिचा पुढचा प्रश्न होता. ‘‘पृथ्वी मान डोलावते,’’ एवढेच मी म्हणालो. तिने वहीच्या कडेला एक भोवरा काढला, त्याच्या आसाभोवती वर्तुळ काढले आणि मग त्या वर्तुळाची रेघ नागमोडी केली. व्याख्येने न दिलेले चित्र क्रियापदाने दिले होते.

चित्र बरोबरच होते. तिरपा फिरणारा भोवरा आपल्या आसाने शंकूसारखा घेरा घेतो, ते परांचन. आणि त्या घेर्‍याच्या वाटेवर आस किंचित खालीवर होत राहतो, ते न्यूटेशन. पृथ्वीच्या आसाला असा एक घेरा पुरा करायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्या वाटेवरचे तिचे मुख्य डोलणे मात्र १८.६ वर्षांचे असते आणि त्यात तिचा कल मध्यापासून दोन्ही बाजूंना जेमतेम ९ विकला बदलतो. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. या १८.६ वर्षांचे मूळ चंद्राच्या कक्षेत आहे. ती कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला ज्या दोन बिंदूंत छेदते, ते बिंदू एवढ्या काळात एक फेरी पुरी करतात. आपल्या पंचांगात त्यांना राहू आणि केतू म्हणतात. ज्यांच्या नावाने आपल्याकडे शांती केली जाते, त्यांच्या फेरीबरोबर पृथ्वी खरोखरच मान डोलावते, ही गोष्ट मला कोणत्याही फलज्योतिषापेक्षा अद्भुत वाटते.

वनस्पतीचे डोलणे वेगळे. चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर ग्रंथ लिहिला. रोपाचा शेंडा कुठे आहे, हे ते काचेच्या तावदानावर ठिपक्यांनी नोंदवीत. ठिपके जोडले की वेडीवाकडी लंबवर्तुळे उमटत. खोडाची एक बाजू दुसरीपेक्षा जलद वाढते, ही जलद वाढीची बाजू फिरत राहते आणि शेंडा डोलतो. मांडवाचा आधार शोधणारा वालाचा वेल हेच करीत असतो. १९८३ साली अंतराळात नेलेली सूर्यफुलाची रोपे गुरुत्वाकर्षण जवळजवळ जाणवत नसतानाही डोलत राहिली.

चौथे डोलणे आपल्या देहातले. कण्याच्या तळाशी, कमरेच्या दोन हाडांमध्ये बसलेल्या त्रिकास्थीचा वरचा भाग पुढे-खाली झुकतो आणि खालचे टोक मागे जाते. हे शरीररचनाशास्त्रातले न्यूटेशन. हालचाल अगदी थोड्या अंशांची. पण प्रसूतीच्या वेळी ते टोक मागे सरल्याने बाळाची बाहेर पडण्याची वाट रुंदावते. आपल्यापैकी अनेकांच्या जन्माला आईच्या हाडांनी अशी मान डोलावली आहे.

आता प्रश्न परिभाषेचा. आपल्याकडे भाषा संचालनालयाने शास्त्रवार परिभाषा कोश काढले. त्या श्रमांविषयी मला आदरच आहे. परंतु शास्त्रागणिक वेगळी संस्कृत संज्ञा घडवली, की चार शास्त्रांना जोडणारा धागा दिसेनासा होतो. ‘डोलन’ असा एकच शब्द चारही ठिकाणी का चालू नये? चालावा, असे माझे मत आहे. मात्र एक सावधगिरी बाळगून. हे चार प्रकार दिसतात सारखे, घडतात वेगळ्या कारणांनी. भोवर्‍याचे डोलणे तो कसा सोडला यावर ठरते आणि घर्षणाने विरते. पृथ्वीला चंद्र-सूर्य डोलवतात. वेलीला तिची वाढ. त्रिकास्थीला देहाचा भार आणि स्नायुबंधांचा ताण. रूपक साम्य दाखवते, कारण सांगत नाही. हे भान कवितेच्या वाचकाला असावे लागते, तसेच विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही.

मराठीला हे भान नवे नाही. डुलकी लागलेला माणूस मान डोलावतो, कीर्तनात रंगलेला डोलावतो आणि नंदीबैलही डोलावतो. मान तीच, आत चाललेले निराळे. म्हणून तर विचार न करता दिलेल्या होकाराला आपण नंदीबैलाची उपमा देतो.

या संदर्भात मला जेम्स ब्रॅडली या इंग्रज ज्योतिर्विदाचे नेहमी कौतुक वाटते. डोक्यावरून जाणार्‍या तार्‍यांची स्थाने ते १७२७ पासून मोजीत होते. त्यांतल्या बारीक फरकामागे चंद्र असावा, हा तर्क त्यांनी बराच आधी केला होता. तरीही राहू-केतूंची एक फेरी पुरी होईपर्यंत ते निरीक्षण करीत राहिले आणि १७४८ साली त्यांनी शोध जाहीर केला. स्वतःच्याच तर्काला मान डोलावण्यापूर्वी त्यांनी पृथ्वीला एकदा पूर्ण डोलू दिले.